अण्णांचे दात आणि शाळेचा बँड

आमच्या घरात सकाळ व्हायची ती ट्रम्पेटच्या आवाजानं. अण्णा, म्हणजे माझे वडील, उस्मानपुऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत बँड शिकवायचे. शाळा मराठी माध्यमाची आणि मीही त्याच शाळेत. दोन खोल्यांचं आमचं पत्र्याचं घर गल्लीच्या टोकाला होतं आणि शेजारपाजारच्यांची झोप मोडू नये म्हणून अण्णा ट्रम्पेटच्या भोंग्यात आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा कोंबून रियाज करायचे. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असा तो आवाज यायचा. त्याच्याखाली आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि बाहेर नळावर घागरींचा. आजही कुणी मला औरंगाबादचं बालपण विचारलं (शहराचं नाव आता बदललंय, पण ते बालपण मला जुन्याच नावानं हाक मारतं) तर मला आधी ते तीन आवाज ऐकू येतात आणि मग घर दिसतं.

घर म्हणजे अर्धं शाळेचं सामान होतं. शाळेत बँडची म्हणून एक खोली होती, पण तिच्या एका कोपऱ्यात पाणी झिरपायचं, म्हणून पावसाळा आला की अण्णा साइड ड्रम घरी आणून खाटेखाली लावायचे. बासऱ्या पिठाच्या डब्यामागं, झांजा देव्हाऱ्याखालच्या फळीवर. आई घाईत कधी ड्रमवर परात टेकवायची आणि अण्णा आतून ओरडायचे, "अगं, कातडं हाय ते, पाट नाय!" रविवारी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन आम्ही दोघं पितळ घासायला बसायचो. चुलीवर येसरची आमटी रटरटत असायची. माझ्या हाताला चिंचेचा, पितळेचा आणि येसरच्या मसाल्याचा असा एकत्र वास यायचा, तो सोमवारी वर्गात वही उघडली तरी जायचा नाही.

आमचा आजा वैजापूरकडच्या एका खेड्यात सनई वाजवायचा. अण्णा पोरवयात शहरात आले, लग्नाच्या बँडात ट्रम्पेट शिकले आणि पुढं कुणाच्या तरी ओळखीनं शाळेत लागले. शाळेत त्यांना शिपायापासून संस्थेच्या माणसांपर्यंत सगळे 'बँडवाले' म्हणायचे. 'सर' म्हणायच्या त्या फक्त बँडातल्या मुली. आईला या वाजवण्याचं कौतुक होतं आणि धसकाही होता. वरातीत नाचणाऱ्या पिदाड माणसांनी अण्णांच्या तोंडापुढं नोटा नाचवलेल्या तिनं स्वतः पाहिल्या होत्या. म्हणून माझ्यासाठी तिची एकच अट होती. "ढोल वाजव, झांज वाजव, काय बी वाजव. पण तोंडाला लावायचं नाय. तुझ्या आज्याच्या ओठाला घट्टा होता, बापाच्या ओठाला हाय. पोरीच्या ओठाला मला नको." त्यामुळं मी साइड ड्रमवर होते. माझ्या शेजारी मोठा ढोल गळ्यात अडकवून माझी मैत्रीण नसरीन. तिचे वडील पैठण गेटजवळ शिलाईचं दुकान चालवायचे. ती इतकी बारीक होती की समोरून फक्त ढोल आणि खाली दोन पाय दिसायचे, पण तिचा ठोका कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

बँड चालवणं म्हणजे अण्णांना दरवर्षी गळक्या घागरीत पाणी भरल्यासारखं होतं. आठवीत कष्टानं तयार केलेली मुलगी नववीत गेली की तिचे वडील शाळेत यायचे. "मॅट्रिक जवळ आलंय, आता हिला हे ढुमढुम बंद." अण्णा हात जोडून म्हणायचे, "साहेब, आठवड्यात दोनच तास असतात." साहेबांना ते पटायचं नाही. मुलगी बासरी परत करून जायची आणि वर्गाच्या खिडकीतून आमचा सराव बघत राहायची. शाळेच्या ट्रम्पेटपैकी एकाची कळ अडकलेली, दुसऱ्याला चीर गेलेली. चालू स्थितीतला ट्रम्पेट एकच, अण्णांचा स्वतःचा. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला अण्णा पुढं ट्रम्पेट वाजवत चालायचे आणि मागं बासऱ्या त्यांचा सूर धरून यायच्या. बँड मुलींचा होता, पण त्याचा कणा अण्णांच्या ओठांत होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात अण्णा भाकरी आमटीत बुडवून ठेवायला लागले. आधी कडेकडेनं, मग सगळीच.

"अवं, भाकर कडक झाली का?" आईनं विचारलं.

"नाय. भूक नाय."

मग सकाळचा आवाज बदलला. लुगड्याच्या बोळ्यातूनही मला कळायचं, वरचा सूर लागत नव्हता. अण्णा तो पुन्हा पुन्हा घ्यायचे, मध्येच फस्स करून हवा जायची, मग बराच वेळ काहीच नाही. एकदा मी पाणी द्यायला गेले तर ते हातातल्या आरशात बघून वरच्या दातांना बोटानं हलवून पाहत होते. दात खरंच हलत होते. मला बघून त्यांनी आरसा मांडीखाली घातला. वर्षानुवर्षं हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, आणि त्यावर ते लवंग दाबून वाजवत राहिले होते. शेवटी आईनंच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, मी सोबत. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली नीट पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बाबा, वरचे सगळेच दात ठेवून उपयोग नाही. काढावे लागतील. कवळी बसवू, जेवता येईल."

"वाजवता येईल का?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी काय वाजवता ते विचारलं. अण्णांनी सांगितल्यावर त्यांनी दिवा बंद केला. "जेवता येईल," त्या परत म्हणाल्या.

शाळा सुरू झाली आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, अण्णांना बोलावून घेतलं. मी बाहेर व्हरांड्यात थांबले होते. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, थकवा होता. संस्थेला बँडच्या खोलीत प्रयोगशाळा करायची आहे, दहावीच्या मुलींना परीक्षानळी धरायला जागा नाही, आणि बँडात आता मुली तरी किती उरल्यात, असं त्या सांगत होत्या. अण्णा म्हणाले, "बाई, पंधरा ऑगस्ट बघा. संस्थेच्या मान्सांना बी बघू द्या. मग ठरवा." बाई म्हणाल्या, "बघू या." या दोन शब्दांवर आमच्या घरानं तो सगळा पावसाळा काढला.

दात निघाले. कवळी आली. ती आल्या दिवशी दुपारी अण्णांनी ट्रम्पेट उचलला. आई दाराशी तांदूळ निवडत होती, मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते. अण्णांनी श्वास घेतला, फुंकलं, आणि कवळी वर उचलली गेली. टाळ्याशी टकटक असा आवाज आला आणि ट्रम्पेटमधून नुसता वारा. त्यांनी कवळी अंगठ्यानं दाबली, परत फुंकलं. परत वारा. मग कवळी काढून मोकळ्या हिरड्यांवर ट्रम्पेट टेकवला. ओठ आत गेला. त्यातून जे निघालं त्याला आवाज म्हणता येणार नाही. ते फुंकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहून ट्रम्पेटवर पडत होतं आणि ते पुसायला थांबत नव्हते, फुंकतच होते. मी त्याआधी अण्णांना रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आईनं सूप बाजूला ठेवलं. उठली, अण्णांच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतला, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि माझ्यापुढं धरला.

"घे," ती म्हणाली.

"आई, तूच म्हणली होतीस..."

"म्हणले होते. आता घे म्हणते."

अण्णा "नको, दहावी हाय तिची" असं काहीतरी पुटपुटले. आई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही गप बसा. शिकवा तिला." आणि ती परत तांदूळ निवडायला बसली. सुपातले दाणे खाली सांडत होते.

ट्रम्पेट काही आठवड्यांत शिकायची वस्तू नाही. आज माझी नात तिच्या सिडकोतल्या शाळेत की-बोर्डवर बोट ठेवते आणि सूर आपोआप तयार मिळतो. मला तिचा हेवा वाटत नाही, पण नवल वाटतं. ट्रम्पेटमध्ये काहीच तयार नसतं. ओठ थरथरले तर सूर, नाहीतर फुंकर. अण्णा समोर बसून स्वतःचे ओठ आवळून दाखवायचे, पण कवळीवर आवळलेल्या त्या ओठांचा आकारच बदललेला होता, ते दाखवायचे एक आणि सांगायचे दुसरं. "माझ्याकडं बघू नको," ते शेवटी म्हणाले, "नुसतं आईक." मग ते तोंडानं धून गायचे. ती कूच करायची धून त्यांनीच बसवलेली होती, साधी, चार चरणांची, तिसऱ्या चरणात वर चढणारी. पहिले दोन चरण मला यायला लागले. तिसऱ्यावर ओठ फाटायचा. शाळेतून आलं की वाजवायचं, रक्त आलं की थांबायचं. आई ओठांवर साय चोळायची, चोळताना माझ्याकडं बघायची नाही. तिखट लागलं की आग व्हायची म्हणून मीही दूध-भाकरी खायला लागले. ताटासमोर मी आणि अण्णा, दोघंही भाकरी कुस्करून, दोघंही हळूहळू. आई म्हणायची, "दोन म्हातारी जेवायलीत माझ्या घरात," आणि हसायला जायची, पण हसू यायचं नाही.

त्या दिवसांत अभ्यास झाला नाही. पहिल्या चाचणीत बीजगणितात नापास झाले. मला तो कागद बघून काहीच वाटलं नाही, इतकी मी त्या वरच्या सुराच्या मागं लागले होते. वर्गात बाई शिकवत असताना मी बाकाखाली मांडीवर तीन बोटांनी कळा दाबत असायचे. मला वाटायचं, हा सूर लागला तर खोली वाचेल, खोली वाचली तर अण्णा वाचतील. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला असा हिशेब खरा वाटतो. सरावाला आता आम्ही मूठभरच मुली उरलो होतो. नसरीन घरी खोटं न बोलता, भांडून यायची. "अब्बा बोले, लोग क्या बोलेंगे. मी म्हणलं, लोगांना ढोल उचलता येतो का?" एकदा मी तिसऱ्या चरणावर परत अडकले आणि ट्रम्पेट मैदानावर ठेवून खाली बसले. "माझ्याच्यानं नाय होत गं," मी म्हणाले. नसरीन ढोलासकट माझ्याशेजारी वाकली. वाकताना तिला तोल सांभाळता येईना. "सुनी, तू फुक. नाय लागला सूर तर नाय लागला. मी थांबणार नाय. बस, तू माझ्या ठोक्यावर चाल." अण्णा लांब उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मैदानावर चुन्याच्या रेघा, खुर्च्यांवर संस्थेची माणसं, मुलींच्या रांगा. झेंडा वर गेला, फुलं पडली, आणि बाईंनी अण्णांना खूण केली. अण्णा इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात नुसती काठी घेऊन पुढं. लोकांनी त्यांना ट्रम्पेटशिवाय कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं थोडी कुजबुज झाली. नसरीननं पहिला ठोका दिला आणि आम्ही निघालो.

पहिला चरण लागला. दुसराही लागला. बासऱ्या माझ्या मागं आल्या, मला त्या पाठीवर जाणवत होत्या. मी तिसऱ्यात चढले, वरचा सूर एक क्षण उमटला, अगदी स्वच्छ, आणि ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव आली. मी फुंकलं, वारा. परत फुंकलं, वारा. बासऱ्यांना धरायला काही राहिलं नाही, एकेक करून त्या गप्प झाल्या. मैदानाच्या मधोमध नुसते ढोल वाजत होते आणि मी रिकामा ट्रम्पेट तोंडाला लावून चालत होते, काढायचीही हिंमत नव्हती. रांगांमध्ये कुणीतरी हसलं. नसरीनचा ठोका मात्र तसाच, एका अंतरानं, मागून येत होता.

तेव्हा अण्णा वळले. चालता चालता उलटे झाले, आमच्याकडं तोंड करून. त्यांनी तोंडातून कवळी काढली, खिशातल्या रुमालात ठेवली, आणि गायला लागले. गायला म्हणजे, ती धून ते पूर्ण छातीनं, तोंडानं वाजवायला लागले. "पँ पपँ पँ," बोळक्या तोंडानं, थुंकी उडत होती, गाल आत जात होते. आता हसणं वाढलं. मुलीच नाहीत, खुर्च्यांवरचीही दोन माणसं हसली. अण्णांनी कुठंही बघितलं नाही. उलट पावलांनी चालत, काठीनं ताल देत, ते आमच्यावर ओरडल्यासारखे गात राहिले. एक बासरी परत लागली, मग दुसरी. चौथ्या चरणाला सगळ्या आल्या. खुर्च्यांसमोरून आम्ही गेलो तेव्हा धून पुरी झाली होती आणि शेवटच्या ठोक्याला नसरीननं ढोल असा हाणला की झाडावरचे कावळे उडाले. टाळ्या वाजल्या. पाहुण्यांना मधलं काही कळलंच नसावं, त्यांना वाटलं असणार की ते तसंच बसवलंय.

लाडू वाटताना मोठ्या बाई व्हरांड्यात अण्णांजवळ आल्या. मी ओठाला रुमाल लावून शेजारीच उभी होते. त्यांनी अण्णांच्या हातात लाडू ठेवला.

"छान झालं. पाहुणेही म्हणाले."

"मग बाई, खोलीचं..."

बाईंनी खाली बघितलं. "ते सुट्टीतच ठरलं होतं हो. फळ्या, नळ, सगळं मंजूर झालंय. बँड बंद करायचं संस्थेनं तेव्हाच ठरवलं. तुम्ही इतक्या जिवाचं रान करत होतात, दात काढल्यावर तर मला तोंडच उघडवेना. म्हटलं, एवढा पंधरा ऑगस्ट होऊ दे."

अण्णांची मूठ मिटली. लाडूची बुंदी बोटांच्या फटीतून खाली पडायला लागली. मला वाटलं ते ओरडतील, निदान बोलतील. मीच ओरडले असते, पण ओठ उघडत नव्हते. सगळा पावसाळा, आईची साय, माझा नापासाचा कागद, हे सगळं आम्ही आधीच मिटलेल्या दारावर डोकं आपटून घालवलं होतं. अण्णांनी इतकंच विचारलं, "सामान कुठं ठेवायचं?"

"जिन्याखाली जागा केलीय."

"मग ढोल सैल करून ठेवतो. ताणलेले ठेवले तर कातडं फाटतं."

त्यानंतर शाळेत बँड कधी उभा राहिला नाही. मी ती दहावी दुसऱ्या खेपेला पास झाले, पुढं नर्सिंग केलं आणि आयुष्य दवाखान्यात काढलं. ट्रम्पेट मी पुन्हा तोंडाला लावला नाही. आईनं तो कपड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. अण्णा परत लग्नाच्या बँडात गेले. दात गेलेल्या वाजंत्र्याच्या हातात तिथं खुळखुळा देतात. कडेनं चालायचं आणि तो हलवत राहायचं. एकदा वरात दवाखान्यावरून गेली तेव्हा मी खिडकीतून त्यांना ओळखलं. खाली गेले नाही. त्यांना आवडलं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शाळा रिकामी झाल्यावर आम्ही तिघं जिन्यापाशी बसलो, अण्णा, मी आणि नसरीन. साइड ड्रमच्या चाव्या अण्णा फिरवायचे, मी एकेक ड्रम कापडानं पुसून आत सरकवायचे. शेवटी मोठा ढोल उरला. त्याला दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांवर चामड्याच्या पट्ट्या. नसरीननं ढोल गळ्यातून काढला नव्हता.

"दे बेटा," अण्णा म्हणाले.

"सर, एकदा वाजवू?"

"वाजव."

तिनं ठोका दिला. रिकाम्या व्हरांड्यात तो केवढा तरी मोठा झाला. अण्णा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि एक पट्टी खाली ओढून दोरी सैल केली. ती थांबली नाही, अण्णांनीही तिला थांब म्हटलं नाही. तिचा ठोका, मग अण्णांची पट्टी, परत ठोका. दर वेळी आवाज थोडा खाली उतरायचा, थोडा रुंद व्हायचा, जड व्हायचा. अण्णा मान खाली घालून ढोलाभोवती गुडघ्यांवरच सरकत होते, जवळ, अगदी कान लावल्यासारखे. शेवटच्या पट्टीनंतर नसरीननं मारलं तेव्हा आवाज आलाच नाही, पोत्यावर हात मारावा तसं नुसतं धप्प झालं. तरी तिनं अजून एकदा मारलं. मग अण्णांनी तिच्या हातातला दांडा काढून घेतला.